टाइप करत आहे

सर, हे मी डाव्या हाताच्या अंगठ्यानं लिहिते आहे. मोबाइल त्याच हातात धरून उशीला टेकवलाय, उजवा हात मांडीवर नुसता पडलाय, आणि काचेवर एकेक अक्षर शोधत मी तुमच्याशी बोलते आहे. तुम्ही असतात तर आधी माझ्या पाठीकडं बघितलं असतं, ताठ आहे का म्हणून. ताठ नाही. मागच्या वर्षी पोळ्याच्या आसपास एका सकाळी भाकरी थापताना अंगाची उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बोलणंही गेलं. शब्द डोक्यात जागच्या जागी आहेत, असं डॉक्टर म्हणाले, फक्त ते तोंडापर्यंत येत नाहीत. आवाज निघतो, त्याचा शब्द होत नाही. मान हलवून नको म्हणता येतं, पण आजारी माणसानं मान हलवली की लोक त्याला हट्ट म्हणतात. तेव्हा माझं जे काही म्हणणं असेल ते आता या अंगठ्यावर आहे. आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी माझा मुलगा पुण्याहून येणार, परभणीचं हे घर बंद करणार आणि मला त्याच्याकडं नेणार, असं ठरलंय. ठरवताना माझं म्हणणं कुणापर्यंत पोचलंच नाही. मला जायचं नाही, हे त्याला नीट कारणासकट लिहून द्यायचं आहे आणि माझ्या हातून ते होत नाही. तुम्हाला मात्र लिहिता येतंय. हा काही कुणाला द्यायचा कागद नाही, म्हणून चुकलं की तेवढी ओळ पुसून पुन्हा लिहिते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुम्हाला कसली घाई.

तुमचा तो वरचा मजला रोज आठवतो. परभणीत मोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर खाली सरकीचं दुकान आणि वर तुमचा टायपिंगचा क्लास. जिन्यात सरकीचा वास यायचा आणि अर्धा जिना चढला की मशिनींचा आवाज. मी चुडाव्याहून, माझ्या गावाहून, सकाळच्या पॅसेंजरनं यायची. गाडी लेट झाली की धापा टाकत वर, आणि तुम्ही दारातच म्हणायचात, "आली का गाडी? तिला सांग, सर विचारायलेत म्हणून." पोरी फिदीफिदी हसायच्या. मी खाली मान घालून मशिनीसमोर बसायची आणि तुम्ही माझ्या हातांवर ते निळं फडकं टाकायचात. फडक्याखाली बोटं, वर काही दिसायचं नाही. मी हळूच फडकं उचलून बघायला गेले की मागून तुमचा आवाज. "बोटाकडं काय बघायलीस, पोरी? बोटं काय पळून चाललेत का?" थोड्याच दिवसांत बोटांना आपापली घरं सापडली. आठ बोटं आठ घरी, आणि अंगठा खालच्या लांब पट्टीवर, दोन शब्दांमध्ये जागा सोडायला. अंगठ्याला तुम्ही कधी मोजलंच नाही. "अंगठ्याला अक्कल नसती, म्हणून त्याला रिकाम्या जागेचं काम दिलंय," असं तुम्ही प्रत्येक नव्या बॅचला सांगायचात. सर, उजव्या हाताची पाच गेली, डाव्याची चार फोन धरण्यात अडकलीत, दहा बोटांतलं आता तेवढं एकच कामाचं उरलंय.

आणि तो कागद. परीक्षेच्या आधीचे दिवस, स्पीडचा उतारा, मी शेवटच्या ओळीवर आलेली. एक अक्षर चुकलं. कुणाला दिसणार म्हणून मी मागं सरकून त्याच्यावरच बरोबर अक्षर दाबून मारलं. तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतात, पण तुम्हाला आवाजातूनच कळलं. आलात, रोलर फिरवला, कागद ओढून काढला, उभा फाडला, आडवा फाडला आणि कोरा कागद पुढं ठेवलात. "पहिल्यापासून." माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर म्हणालात, "रडायचं आसंल तर खाली सरकीवर जाऊन रड, मशीन गंजंल." क्लास सुटल्यावर मात्र मला थांबवून घेतलंत आणि समजावलंत. तहसिलीत, कोर्टात कागदावर खाडाखोड दिसली की साहेब म्हणतो हे नंतर घुसडलंय, आणि मग त्या गरीब माणसाचं काम अडतं. "तुझी चूक आन् हेलपाटा त्याचा. चुकलेला कागद मशिनीत ठेवायचाच न्हाई. समजलं?" समजलं, सर. इतकं समजलं की ते हाडात गेलं.

पास झाले तेव्हा तुम्ही मला क्लासमधलं एक लाकडी स्टूल दिलंत. मी म्हटलं खुर्ची द्यायची सोडून हे काय. तुम्ही म्हणालात, खुर्चीला पाठ असते, माणूस टेकतो. त्या स्टुलावर बसून मी पाथरीला तहसिलीबाहेरच्या लिंबाखाली आख्खी उमर काढली. नवरा लवकर गेला. परभणीहून सकाळची एसटी, संध्याकाळी परत, आणि मधल्या वेळात लोकांचे अर्ज. माणसं समोर बसून आधी सगळं सांगायची. बांध, भाऊ, भावाची बायको, मेलेला बैल, बैलाचा स्वभाव. सगळं सांगून झालं की म्हणायची, "आता ह्याच्यातलं तुमाला लागंल तेवढं घ्या, बाई." मी मध्ये बोलायची नाही. एखादा म्हातारा आठवत आठवत सांगायचा, मध्येच गप्प बसायचा, तंबाखू मळायचा. मी बोटं कळांवर ठेवून बसून राहायची. मागं रांग असली तरी. कुणाला मी राहू दे म्हटलेलं मला आठवत नाही.

एकदा तुम्ही पाथरीला आला होतात, कुठल्याशा लग्नाला. मला न सांगता माझ्या मागं येऊन उभे राहिलात. मला लोकांनी सांगितलं, बाई, मागं कुणीतरी टोपीवाले डोळे मिटून उभे आहेत. तुम्ही कागद बघितला नाहीत, नुसतं ऐकत होतात. मग म्हणालात, "आवाज बराबर हाय," आणि चहा न घेताच निघालात. त्या दिवशी घरी जाताना एसटीत मी खिडकीकडं तोंड करून हसत होते. माझ्या कामाला तेवढं एकच सर्टिफिकेट मला हवं होतं आणि ते मिळालं होतं.

आता या फोनचं सांगते. याच्यात आवाजच नाही. काचेला ना उंचवटा ना खळगा, त्यामुळे बघितल्याशिवाय अक्षर सापडत नाही. सूनबाईनं काहीतरी करून अक्षरांची पाटी डाव्या कडेला सरकवून दिली, अंगठा पोचावा म्हणून. चांगली आहे पोरगी, तिच्याबद्दल मला वाईट बोलायचं नाही. पण सरकवल्यावर अक्षरं ज्वारीच्या दाण्याएवढी झाली. अंगठा टेकवला की त्याच्याखाली अक्षर झाकतं, आणि काय दाबलं ते अंगठा उचलल्यावर कळतं. शिवाय सवय आडवी येते. आपल्या मशिनीवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची आणि अक्षर मागून. इथं उलटं. मी वेलांटी आधी दाबते आणि ती ठिपक्याठिपक्यांच्या एका गोलावर बिचारी एकटीच उभी राहते. आपल्याकडं अर्ध्या अक्षराला वेगळी कळ होती, इथं आख्खं अक्षर काढून मग त्याचा पाय मोडावा लागतो. वर एक पट्टी असते, तिथं फोन आपल्या मनानं शब्द सुचवतो. मी 'म' काढला की तो 'मस्त' म्हणतो, 'ठ' काढला की 'ठीक आहे'. त्याच्या मते जगात सगळ्यांचं ठीकच चाललेलं असतं. अंगठा दमला की मी तेच उचलते. मुलगा सकाळी विचारतो, कशी आहेस. ठीक आहे. जेवलीस का. मस्त. मग त्यांना वाटतं, आईचं बरं चाललंय. कुणाला दोष देऊ?

मला का जायचं नाही, हे त्याला लिहायचं होतं ते असं. पुण्याचं घर त्यांनी मी आजारी पडल्यावर घेतलं. तिथं मला बोलताना कुणी कधी ऐकलेलं नाही. तिथल्या लोकांसाठी मी जन्माची मुकी असणार, लिफ्टमध्ये सून हसून सांगणार, आईंना बोलता येत नाही, आणि ते माझ्याकडं बघून मोठ्यानं, सावकाश बोलणार. इथं तसं नाही. इथं भाजीवाला मामू दारात गाडा लावतो आणि म्हणतो, "बाई, मेथी घेऊ नका, तुमी म्हणणार कडू हाय. वांगी घ्या. आता भाव ऐकून तुमी काय म्हणणार ते बी मला मालूम हाय, घ्या, कमी करून दिलं." माझ्या बाजूनं तोच भांडतो आणि तोच हरतो. मी नुसती दारात बसलेली असते, पण त्या भांडणात मी असते. शेजारच्या वहिनी माझ्या तोंडाकडं बघून माझं वाक्य पुरं करतात, कधी चुकतात, कधी माझ्यापेक्षा चांगलं बोलतात. या गल्लीत माझा आवाज अजून शिल्लक आहे. इथून हलले की तोही गेला. एवढंच लिहायचं होतं. पाथरीला एवढा मजकूर मी चहा निवायच्या आत काढला असता.

दसऱ्यानंतर एका संध्याकाळी घरच्या ग्रुपवर हा विषय निघाला. ग्रुपवर मुलगा, सून, नांदेडचा माझा भाऊ आणि मी. मुलानं लिहिलं, "आई, आम्ही सगळे आहोत. तुझं काय म्हणणं आहे ते लिही. आम्ही थांबतो." आम्ही थांबतो, हे वाचून मला भरून आलं. आजारी पडल्यापासून मला असं कुणी म्हणालं नव्हतं. मी फोन उशीला नीट टेकवला, चष्मा पुसून घेतला आणि सुरुवात केली. मला इथंच राहायचं आहे, इथपासून. मामूचं लिहिलं, वहिनींचं लिहिलं, आवाजाचं लिहिलं. शेवटच्या ओळीत अंगठा घसरला आणि मधल्या एका शब्दात भलतंच अक्षर पडलं. दुसऱ्या कुणी तेवढं अक्षर बदललं असतं, किंवा तसंच पाठवून दिलं असतं. हल्ली सगळे तसंच पाठवतात आणि सगळ्यांना ते कळतंही. माझा अंगठा पुसायच्या कळेवर गेला आणि पहिला शब्द पुसला जाईपर्यंत तिथून उठला नाही. मी ठरवलं नव्हतं, सर. चुकलेला कागद मशिनीत राहत नाही, एवढंच त्या हाताला माहीत होतं. पाटी कोरी झाल्यावर मला कळलं मी काय केलं.

मी पुन्हा पहिल्यापासून घेतलं. ते जितका वेळ थांबले होते, तितका वेळ त्यांना माझ्या नावाखाली एकच ओळ दिसत होती, टाइप करत आहे. भावानं लिहिलं, "ताई लय मोठं लिहायलीय वाटतं." सून म्हणाली, "सावकाश लिहा आई." दुसऱ्या वेळी अर्ध्याच्या पुढं गेल्यावर पुन्हा चूक झाली आणि पुन्हा सगळं पुसून गेलं. मला घाम फुटला होता. बाहेर दिवेलागण झाली होती आणि मी दिवा लावायला उठूही शकत नव्हते. मी तिसऱ्यांदा सुरू केलं, आणि तेवढ्यात मुलाचं आलं, "आई, राहू दे. त्रास करून घेऊ नकोस. आम्ही समजलो. दिवाळीनंतर येतो." खाली भावानं उभा अंगठा पाठवला. पाथरीला माझ्या टेबलावरही लोक अंगठा उठवायचे, शाईचा. पण त्याआधी मी त्यांना कागद वाचून दाखवायची. इथं वाचायला काही नव्हतंच. ते काय समजले, ते त्यांनाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी माझा चेहरा बघितला आणि परस्पर मुलाला फोन लावला, मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा करून. "दादा, त्यांना न्हाई यायचं. मला कळतंय ना, मी रोज बघायलेय."

"काकू, मला काय हौस आलीय का तिला हलवायची?" तो म्हणाला. त्याचा आवाज दमलेला होता. "तिनं एक ओळ लिहिली असती तरी मी थांबलो असतो. आन् मला एक सांगा, परवा न्हाणीत पडली तेव्हा कुणी उचललं? तुमी. तुमची कंबर धरलीय ना तेव्हापासून? किती दिवस उचलणार तुमी?"

वहिनींचा हात आपोआप कमरेवर गेला. तो खोटं बोलत नव्हता, हेच तर वाईट. तो वाईट वागला असता तर मला निदान चिडता आलं असतं. फोन ठेवल्यावर वहिनी माझ्यावरच चिडल्या. "ल्ह्या की वो बाई, जसं येतंय तसं. चुकलं तर चुकलं. पोरगा हाय तुमचा, मास्तर हाय का?"

त्या रात्री मला तुमचा राग आला, सर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तुम्ही मला बिनचूक लिहायला शिकवलंत, पण ते दहा बोटांच्या माणसाला. एका अंगठ्याच्या माणसानं काय करायचं, हे तुम्ही शिकवलं नाहीत, कारण तुम्हाला तसं माणूस कधी भेटलं नाही. त्यानंतर मी रोज प्रयत्न केला, ग्रुपवर नाही, एकट्या मुलाच्या नावावर. चुकून तसंच पाठवायचं, असं ठरवून बसायची. चूक झाली की डोळे मिटून पाठवायच्या बाणावर अंगठा न्यायची, आणि उघडून बघते तर पाटी कोरी. वहिनींना वाटायचं, मी फोनशी खेळत बसते. दिवाळीत सगळी गल्ली पणत्यांनी उजळली होती आणि मी दारात खुर्चीत, मांडीवर फोन, त्यात काही नाही. मला मरावंसं वाटलं असं लिहिणार होते, पण ते पूर्ण खरं नाही. मला कंटाळा आला. माणूस असण्याचाच कंटाळा आला, असं म्हणा.

हे लिहिता लिहिता दिवस गेले, आज तो रविवार आहे. मुलगा सकाळच्या गाडीनं आला, माझ्या पाया पडला, माझे केस त्यानं स्वतः विंचरून दिले. भांग वाकडा पडला तर हसला, मीही हसले. येताना फोनमध्ये माझ्यासाठी काहीतरी नवीन घालून आणलंय. चित्रांची पाटी आहे. पेल्याचं चित्र दाबलं की पाणी, गोळीचं दाबलं की औषध, पलंगाचं दाबलं की झोपायचंय. एका बाईच्या गोड आवाजात फोनच बोलतो. "आता तुला लिहायची गरजच न्हाई आई," तो म्हणाला. त्यानं ते किती प्रेमानं केलंय, हे मला दिसत होतं. मी पेला दाबला. तो धावत पाणी घेऊन आला.

आता तो आतल्या खोलीत सामान बांधतोय आणि मी बाहेर बसून हे शेवटचं लिहिते आहे. आतून एकेक गोष्ट विचारतो. "आई, हा पाटा घ्यायचा का?" मग स्वतःच म्हणतो, "कुठं न्यायचा, राहू दे." "ही सतरंजी घ्यायची का? घेऊ." "हे लाकडी स्टूल कशाला ठेवलंयस गं एवढं जुनं? काकूंना देऊन टाकू." प्रत्येक वेळी तो विचारतो, आणि प्रत्येक वेळी माझं तोंड उघडायच्या आत उत्तर झालेलं असतं. वहिनी उंबऱ्यावर बसल्यात, पदर डोळ्याला लावून. मामू आज आला नाही, रविवारी तो येत नाही.

हे पत्र मी कुणाला पाठवायचं ते निवडलेलंच नाही, त्यामुळे ते कुठं जाणार नाही. तुमचा नंबरही माझ्याकडं कधी नव्हता, तुमच्या वेळी क्लासमध्ये फोनच नव्हता. पण एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवते, वहिनींनासुद्धा सांगितलेली नाही. त्या संध्याकाळी पहिल्या दोन्ही वेळा मी नको असंच लिहीत होते. तिसऱ्यांदा लिहायला घेतलं तेव्हा वहिनींची कंबर आठवली, न्हाणीतली फरशी आठवली, आणि ही माणसं खरोखर माझ्यासाठी थांबलीत, असं वाटून मी निवले होते. मग त्याचं 'राहू दे' आलं. त्यानं ठरवून टाकल्यावर माझ्या म्हणण्याला काय अर्थ उरला होता, माझं नको पुन्हा जागं झालं, म्हणून मी ते पाठवलं नाही. पण पुसलंही नाही, कारण त्यात चूक नव्हती. आत्ता उघडून बघितलं. ग्रुपवर खालच्या चौकटीत ते अजून तसंच आहे, 'बाळा, मी येते तुझ्याकडं.'